गावात कुंभार किती

आत्याचा कुणावरच विश्वास नव्हता. दूध घेताना ती बोट बुडवून बघायची, तराजूच्या पारड्याखाली वाकून बघायची, आणि कुणी रस्त्यात "बरी आहेस ना आत्या?" म्हणून विचारलं तर "का रे, काय ऐकलंस?" असं उलट त्यालाच दटावायची. गावातल्या लहानथोरांची ती आत्याच होती. सख्खी मात्र एकाच घराची, कुंभाराच्या. कुंभार तिचा थोरला भाऊ. ती त्याला दादा म्हणायची आणि जगात त्याच्यावर त्यातल्या त्यात कमी संशय घ्यायची.

उन्हाळा संपत आला की तळं आटतं आणि काठाची चिकणमाती उघडी पडते. पाणी परत भरायच्या आत वर्षभराची माती खणून घरात आणायची, हे त्या घराचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम. त्या दिवशीही दोघं भल्या सकाळी हातगाडी ढकलत तळ्यावर पोचली. दादाने टिकाव खांद्यावरून उतरवला, आत्याने सवयीने मातीची चिमूट दाताखाली धरली. करकरली की वाळू, नाही करकरली की सोनं. नाही करकरली. ती खूश होऊन थुंकणार, तेवढ्यात तिला खुंटी दिसली.

लाकडी, टोकाला लाल रंग फासलेली, ताजी ठोकलेली. पुढे आणखी एक. मग आणखी. त्यांच्या खाणीला वळसा घालून खुंट्या पार बांधापर्यंत गेल्या होत्या.

"दादा, हे काय?"

"खुंटी."

"खुंटी मलाही दिसतेय. कुणाची?"

"असेल सरकारची."

"एवढं मोठं सरकार, त्याला ठोकायला आपलीच माती सापडली?"

दादाने टिकाव हाणला. तो कमी बोलायचा. कमरेत कायमचा वाकलेला माणूस, त्याला बोलण्यासाठी मान वर करावी लागायची आणि तेवढे कष्ट घेण्याजोगं त्याला सहसा काही वाटत नसे. "माती भर," तो म्हणाला. "ऊन चढतंय."

आत्याने माती भरली. पण तिचं अर्धं लक्ष खुंट्यांवर होतं. त्यांची आई सांगायची, गावात कुंभार आहे तोवर काठाची माती कुंभाराची. कुंभार संपला की तळं पाणीखात्याचं, मग खातं ती माती कुणालाही खणायला देईल. आई हे इतक्यांदा सांगायची की लहानपणी दोघांना वाटायचं, आपण मेलो तर तळं रडेल.

गावाबाहेर विटवाल्याची भट्टी होती. भट्टी म्हणजे काय, धुराडं ढगात घुसलेलं, ट्रक रांगेने उभे, आणि मागे पत्र्याच्या खोल्यांची चाळ. त्या खोल्यांत लांबलांबून आलेले मजूर बायकापोरांसकट राहत. विटवाला असा माणूस, की त्याच्या दारात कुणी तहानेने कोसळलं तरी तो आधी विचारील, "विटा घेणार का?" त्या विटवाल्याने त्या आठवड्यात सगळ्या गावाला आपल्या शेडमध्ये चहाला बोलावलं.

"याने चहा पाजला," आत्या वाटेत म्हणाली, "म्हणजे साखर आपल्याच घरची असणार."

शेडमध्ये न्हावी होता, सुतार होता, दुकानदार होता, शेतं असलेले होते, शेतं विकलेलेही होते. विटवाला पाटावर उभा राहिला.

"मंडळी, जनगणना येतेय," तो म्हणाला. "आणि या खेपेला आपलं गाव गाव राहील की नाही, ते ठरणार आहे."

"म्हणजे? आम्ही उचलून नेणार आहोत का कुठे?" न्हाव्याने विचारलं. लोक हसले.

"हसा. नियम ऐका मग हसा. गावात डोकी जास्त झाली, घरं दाटीने झाली, आणि शेती सोडून बाकी कामं करणारे पुरुष जास्त निघाले, की ते गाव राहत नाही. शहर होतं. आपली डोकी केव्हाच भरलीत. घरंही दाटलीत. आता फक्त कामं बघायची राहिलीत."

"शहर झालं तर वाईट काय?" कुंभाराची सून दाराशी उभी होती, तिने विचारलं. "नळ येईल. कॉलेज येईल."

"येईल ना, सूनबाई! आणि घरपट्टी येईल. गुरं हद्दीबाहेर जातील. वस्तीत धूर चालणार नाही, म्हणजे तुझ्या सासऱ्याचा आवा बंद. कळलं?"

आवा म्हणजे अंगणातली मडकी भाजायची भट्टी, तीच तर त्या घराची चूल. दादाने पहिल्यांदा मान वर केली.

"म्हणून सांगतो," विटवाल्याने आवाज मऊ केला, "कुणीही आलं, काय काम करता विचारलं, की एकच उत्तर. शेती. न्हावी असो, सुतार असो. शेती."

"माझ्याकडे शेत कुठंय?" न्हावी म्हणाला.

"डोक्यांची कापणी करतोस की!"

सगळं शेड खदखदलं. आत्या हसली नाही. तिने विचारलं, "आणि बायकांनी काय सांगायचं?"

"बायकांनी काहीही सांगा, आत्या!" विटवाला दिलखुलास हसला. "या नियमात बायकांची कामं धरतच नाहीत. राणी आहे म्हणून सांगा. गावाला काडीचा फरक पडत नाही."

पुन्हा हशा. आत्याने चहाचा पेला नाकाशी नेला, वास घेतला आणि तसाच खाली ठेवला. दुपारभर मडकी थापताना तिच्या डोक्यात तेच घुमत होतं. दादा चाकावर मडक्याचा गळा काढायचा, पण चाकावरून उतरलेलं मडकं जाड आणि बसकं असतं. त्याला पोट आणायचं ते आत्याने. आत गोल दगड धरायचा, बाहेरून थापी मारायची, धप धप धप, माती पातळ होत जाते आणि मडकं फुगतं. उजवा खांदा त्या धपधपीनेच तिचा डाव्यापेक्षा वर चढला होता. मग दादा ते तयार मडकं हातात घ्यायचा आणि गळ्याखाली आपला अंगठा दाबायचा. ती घराची खूण. बाजारात लोक मडकं उलटंपालटं न करता अंगठा शोधायचे. अंगठा दादाचा. कायमच दादाचा.

दोन दिवसांनी घरात प्लॅस्टिकचं पिंप आलं.

निळं, झाकणाचं, ओसरीत उभं केलेलं. कुंभाराच्या घरात प्लॅस्टिकचं पिंप! आत्याने त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या, जणू आत माणूस बसलाय.

"हे कुणी आणलं?"

"मी," सून म्हणाली. ती चुलीपाशी होती. "भट्टीवरच्या वहिनींनी दिलं. त्यांच्याकडे जास्तीचं होतं."

"विटवाल्याच्या बायकोने? फुकट?"

"फुकट."

"फुकट काय मिळतं जगात? ताप आणि सल्ला. तिने तुला काय विचारलं?"

सुनेने हातातला पळा खाली ठेवला. "आत्याबाई, मी रोज हातपंपावरून पाणी आणते. मातीचे तीन हंडे फुटले या वर्षी. कंबर माझी दुखते, विचार कुणी करत नाही. आणि विचारलं तिने. मामंजी गणनेला काय सांगणार, एवढंच विचारलं."

"आणि तू?"

"म्हटलं, मामंजी कधी खोटं बोलले नाहीत. तर ती म्हणाली, या वेळी बोलायला सांग."

सुनेचे हात आत्याने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. तळव्यांवर हातपंपाच्या दांड्याचे घट्टे पडले होते. पण घट्टे बघून संशय सोडला तर ती आत्या कसली! ती थेट अंगणात गेली. दादा आवा रचत होता, मडक्यांवर मडकी, मध्ये गवत, वर फुटकी खापरं.

"दादा, तू शेती सांगणार आहेस?"

"हं."

"तुझ्याकडे शेत कुठे आहे?"

"विटवाला म्हणतो, त्याच्या एका पट्टीवर माझं नाव सांगायचं. गावासाठी."

"गावात कुंभार नाही असं झालं, तर माती कुणाची?"

"आपण असणारच ना गं इथे. नुसतं सांगितलं नाही म्हणून हात गळून पडतील?"

"कागदावर मेलेल्याला कुणी जेवायला वाढत नाही, दादा."

दादाने एक मडकं रचलं, दुसरं उचललं आणि तसाच थांबला. "आणि कुंभार सांगितलं आणि गावाचं शहर झालं, तर हा आवा विझवायचा कुणी? मीच ना? सगळं गाव माझ्या तोंडावर थुंकेल. म्हणेल, कुंभारामुळे झालं." त्याने मडकं ठेवलं. "सांग, कसं मरू? माती नसलेला कुंभार होऊन की आवा नसलेला?"

आत्या चिडून थाप्यांकडे वळली.

गणना सुरू व्हायच्या दिवशी सकाळी ती राखेसाठी विटवाल्याच्या भट्टीवर गेली. मातीत राख मिसळली की मडकं तडकत नाही, आणि भट्टीवरची राख कुणी अडवत नसे. बघते तर मजूर ट्रकमध्ये चढत होते. गाठोडी, भांडी, पोरं, सगळं.

"कुठे निघालात?" तिने एका बाईला विचारलं.

"डोंगरापलीकडच्या भट्टीवर. थोडे दिवस. मुकादम म्हणतो तिकडे काम आहे."

"काम असतं तर पोरं कशाला नेता?"

बाईने खांदे उडवले. ट्रक गेला. मागे पत्र्याच्या खोल्यांसमोर चुली अजून गरम होत्या आणि दोरीवर एक लहान फ्रॉक विसरला होता.

आत्या राखेची पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. आता तिला गणित दिसलं. न्हावी, सुतार, कुंभार मिळून मूठभरसुद्धा नाहीत. खरी गर्दी या खोल्यांतली. गाव शहर होणार ते या मजुरांमुळे, आणि शहर झालं की पहिलं धुराडं बंद होणार ते विटवाल्याचं. म्हणून त्याने माणसं डोंगरापलीकडे झाडून टाकली, जसा पाहुणे येताना केर कोपऱ्यात ढकलतात. एवढं सगळं केल्यावर एका म्हाताऱ्या कुंभाराच्या एका शब्दाने काय बिघडणार होतं? आणि तरी त्याची बायको पिंप देऊन विचारत होती. का?

लाल खुंट्या.

तिने चाळीच्या कोपऱ्यात पाहिलं. लाल रंगाचा डबा होता, झाकण उघडं, ब्रश त्यातच वाळलेला.

सांगावं का गणनेच्या बाईला? पत्र्याच्या खोल्यांत कोण राहतं ते? एक शब्द पुरे. पण मग गाव शहर, आणि घरचा आवाही बंद. विटवाल्याने सगळ्यांना एकाच दोरीने बांधलं होतं, आणि दोरीचं टोक स्वतःच्या कमरेला. आत्याने राखेची पाटी सरळ केली आणि घराची वाट धरली. आयुष्यात पहिल्यांदा ती काहीतरी बघून गप्प बसली होती.

गणनेच्या बाई दुपारी आल्या. शेजारगावच्या शाळेत शिकवणाऱ्या, उन्हाने लाल झालेल्या, पायात चपलेचा पट्टा तुटलेला. आत्याने त्यांना पाणी दिलं, मातीच्या भांड्यातलं. दादा चाकावर होता. कोपरापर्यंत चिखल, चाक अजून फिरत होतं.

"घरात कोण कोण राहतं, काका?"

"मी, बहीण, सून, मुलगा."

"मुलगा कुठेय?"

"शहरात असतो, काचेच्या गोदामात. सुट्टीला येतो."

"बाकी दिवस?" बाईंनी सुनेकडे पाहिलं.

"तिकडेच," सून हळूच म्हणाली. "खोली आहे. सात-आठ जण मिळून."

"मग त्याला तिकडेच मोजतील. इथे नाही लिहिता येणार."

"असं कसं?" दादाने चाकावरचा हात काढला. "त्याचं अंथरूण इथे आहे. त्याची बायको इथे उभी आहे."

"माणूस जिथे राहतो तिथे मोजायचा, काका. अंथरूण नाही मोजत."

सुनेने पदर नाकाशी नेला. दादा चाकाकडे बघत राहिला. चाक मंदावत मंदावत थांबलं, गळ्याशी आलेलं मडकं एका बाजूला कलंडलं.

"तुमचं काम?" बाईंनी विचारलं.

अंगणात सगळीकडे मडकी. ओली, सुकलेली, भाजलेली, फुटलेली. भिंतीला टेकलेल्या थाप्या. आवा धुमसत होता.

"शेती," दादा म्हणाला.

बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. "हे काय मग हाताला?"

"शेतातली माती."

बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं आणि लगेच गेलं, कारण दादाचं तोंड हसण्यासारखं नव्हतं. रस्त्यावर विटवाला उभा होता, सहज आल्यासारखा, विडी पेटवत. त्याने मान डोलावली. "मला सांगितलेलंच लिहायचं असतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं.

"तुमचं, सूनबाई?"

"घरकाम."

"आणि तुमचं, आत्या?"

विटवाल्याने मोठ्याने म्हटलं, "त्यांचं पण घरकामच लिहा बाई, उन्हात किती वेळ थांबाल!"

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. मग दादाकडे. दादा कलंडलेल्या मडक्याचा परत गोळा करत होता, मान खाली, कान लाल. आणि तिला शेडमधला हशा आठवला. बायकांनी काहीही सांगा, गावाला काडीचा फरक पडत नाही.

"बाई," ती म्हणाली, "हे गाव की शहर ठरवताना बायकांची कामं धरत नाहीत म्हणे. खरंय?"

"खरंय. त्या नियमात फक्त पुरुषांची धरतात."

"पण लिहिता तर खरं?"

"लिहिते ना. सगळ्यांचं लिहिते."

"मग लिहा," आत्या पदराला हात पुसत म्हणाली. "कुंभार."

विटवाल्याची विडी ओठातच राहिली. दादाने मान वर केली, कमरेला कळ लागेल इतकी वर. बाईंनी विचारलं, "कुंभारकाम? तुम्ही?"

आत्याने भिंतीची थापी उचलली, एक बसकं मडकं मांडीत घेतलं आणि बोलायच्या ऐवजी मारायला लागली. धप धप धप. मडक्याला पोट आलं तसा तिचा चढलेला खांदाही दिसला. बाईंनी लिहिलं.

त्यानंतर गावाने दादाची पुरती हजामत केली, वस्तऱ्याशिवाय. "काय शेतकरी, पेरलं काय?" न्हावी दुकानातून ओरडायचा. "पाऊसपाणी कसं म्हणतंय?" सुतार विचारायचा. कागदावर ते स्वतःही शेतकरीच होते, पण त्यांच्या घरात त्यांचं काम बाईच्या नावावर लागलं नव्हतं. दादा घरी यायचा, आणि आत्याशी कामापुरतंच बोलायचा. माती दे. पाणी दे. थापी सरकव. ती सगळं देत होती आणि प्रत्येक शब्दाखाली वाकून बघत होती, काही दडलंय का.

निकाल लागला. गाव गावच राहिलं. मजुरांचे ट्रक परत आले, आणि चालत्या गाडीतून कुणीतरी उडी मारून दोरीवरचा फ्रॉक काढून घेतला.

आणि त्याच आठवड्यात मातीची शेवटची खेप भरायला दोघं तळ्यावर गेली, तर खाणीच्या कडेला पिवळं खोदयंत्र उभं. त्याच्या सावलीत विटवाला आणि पाणीखात्याचे साहेब.

"थांबा, थांबा," साहेब म्हणाले. "इथून माती काढता येणार नाही. ही जागा विटांच्या मातीसाठी मागितलीय. गावात कुंभार उरलेला नाही, असा अर्ज आहे."

दादाच्या हातातला टिकाव खाली आला. मारायला नाही, नुसता आला. आत्या खाणीत गुडघाभर उभी होती.

"साहेब," ती खालूनच म्हणाली, "अर्ज कुणाचा तो मला दिसतोय. गणना काय म्हणते?"

"तेच बघायचंय." साहेबांनी पिशवीतून कागद काढला, बोट फिरवलं. "कुंभार... पुरुष, एकही नाही."

"झालं तर!" विटवाला म्हणाला.

"स्त्री, एक."

विटवाला म्हणाला, "अहो साहेब, बाई म्हणजे कसला कुंभार! ती नुसती थापते."

साहेबांनी दादाकडे वळून विचारलं, "ही एक कोण? तुम्हाला माहीत असेल."

आत्या दादाकडे बघत राहिली. आता तो काय म्हणेल? एवढे दिवस न बोललेला माणूस. त्याच्या एका वाकड्या शब्दाने सगळं बुडलं असतं, आणि तो रुसायला पूर्ण मोकळा होता. दादाने हळूहळू मान वर केली. हनुवटीने खाणीकडे दाखवलं.

"ही," तो म्हणाला. "गावातली कुंभार ही."

"आणि तुम्ही?"

"मी शेतकरी." दादाने टिकाव परत खांद्यावर घेतला. "हिच्याकडे गडी म्हणून आहे."

साहेब हसले, पण खोदयंत्राच्या चालकाला त्यांनी परत फिरायची खूण केली. विटवाला आपली विडी पायाखाली रगडत राहिला, जणू ती विझतच नव्हती. आत्याने वाट बघितली नाही. हाताला लागेल ती खुंटी उपटली आणि हातगाडीत टाकली. आवा पेटवायला कोरडं लाकूड कधीही बरं.

संध्याकाळ व्हायच्या आत दादा चाकावर बसला. निळं पिंप आता अंगणात होतं, माती भिजवायला. सुनेसाठी आत्याने सगळ्यात जाड बुडाचा हंडा वेगळा काढून ठेवला होता आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. दादाने गळा काढला, दोऱ्याने मडकं सोडवलं. थोडं सुकल्यावर आत्याने ते मांडीत घेऊन थापलं, पोट आणलं आणि नेहमीसारखं त्याच्या हातात दिलं. अंगठ्यासाठी.

दादाने ते हातात फिरवलं. मग परत तिच्यासमोर ठेवलं.

"लाव."

"काय?"

"अंगठा. कुंभार तू ना? तुझा लाव."

आत्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा असेल तर ओठाच्या कडेला दिसतो, तिला ठाऊक होतं. कडेला काही नव्हतं. डोळ्यांत असेल म्हणून तिथे पाहिलं. तिथेही नव्हतं. तरी तिचा विश्वास बसला नाही.

"खरं म्हणतोस की जिव्हारी लागलं म्हणून?"

"माती सुकतेय," दादा म्हणाला आणि पुढचा गोळा चाकावर आदळला.

ती अजून थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, डोळे बारीक करून. मग मडकं जवळ ओढलं आणि गळ्याखाली आपला अंगठा दाबला. जरा जास्तच खोल.